अनेक नद्यांचे गाणे

दिंडीत चालणाऱ्या तरुण मंडळींना आपण सगळेच पाहतो. चालताना मुखी नाम असते, हाती टाळ असतो. विसाव्याला झाडाखाली पाठ टेकली की खिशातला मोबाइल बाहेर येतो, कानांत बोंडे जातात आणि डोळे मिटून ऐकणे सुरू होते. वडीलधारी मंडळी पाहतात आणि म्हणतात, "काय ऐकतात कोण जाणे." ह्या बोलण्यात काळजी आहे आणि ती खोटी नाही. नवविधा भक्तीत श्रवण पहिले सांगितले आहे, कीर्तन त्याच्या मागून येते. कानांवाटे जे आत जाते तेच पुढे मुखावाटे बाहेर येते. तेव्हा मुले काय ऐकतात याची चौकशी करणे हे आपले कामच आहे. चौकशी करायची तर आधी ऐकावे लागते, एवढेच.

लोणंदच्या मुक्कामी आमच्या दिंडीतल्या एका तरुण मृदंग वादकाने मला एक गाणे ऐकविले. "माऊली, यात कबीर आहेत, ऐका तरी," असे तो म्हणाला. गाणे 'इंडियन ओशन' नावाच्या दिल्लीच्या मंडळींचे होते. वारीहून परतल्यावर मी त्यांचे एकेक ध्वनिमुद्रण सवडीने ऐकले, काही पुन्हा पुन्हा ऐकले. जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

आधी ही मंडळी कोण, ते पाहू. १९९० साली दिल्लीत सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती या दोघांनी हा मेळ उभा केला. सुस्मित गिटार वाजवीत, असीम तबला वाजवीत आणि गात. पुढल्याच वर्षी राहुल राम आले. ते मोठ्या खर्जाची गिटार वाजवतात आणि गातात. १९९४ मध्ये अमित किलाम ड्रम घेऊन आले. हे चौघे एकत्र राहिले तो काळ या मेळाचा मुख्य काळ म्हणावा लागेल. त्यांच्या गाण्याला लोक 'रॉक' म्हणतात, कारण त्यात ड्रमचा ठेका आहे आणि विजेच्या जोरावर वाजणारी गिटार आहे. पण त्याच गाण्यात तबला आहे, रागाची चाल आहे, आदिवासींचे गीत आहे, भोजपुरी कविता आहे, केरळातल्या ख्रिस्ती बांधवांची प्रार्थना आहे. त्यांचा आरंभ झाला तेव्हा आपल्या देशात गाणे म्हणजे बहुतेक सिनेमाचे गाणे असे. नट नाही, नटी नाही, गोष्ट नाही, अशी गाणी घेऊन ही मंडळी गावोगाव वाजवीत राहिली. अशा स्वतंत्रपणे चालणाऱ्या संगीताला तरुण मंडळी 'इंडी' म्हणतात.

इतक्या गोष्टी एका ठिकाणी आल्या की आपल्या मनात पहिला शब्द येतो तो भेसळ. दुधात पाणी घातले तर भेसळ होते, हे खरे आहे. पण दुधात विरजण घातले तर दही होते. दोन्ही वेळा दुधात बाहेरचेच काहीतरी पडलेले असते. तेव्हा मिसळ झाली एवढे म्हणून परीक्षा संपत नाही. काय मिसळले आणि त्यातून काय झाले, हे पाहावे लागते.

आपल्याच घरातले उदाहरण घेऊ. आज गावोगावच्या भजनात पेटी वाजते. ही पेटी फ्रान्समधली. पॅरिसच्या एका कारागिराने १८४२ मध्ये तिचा हक्क नोंदवला आणि त्यानंतर ती आपल्याकडे आली. टाळ, वीणा आणि मृदंग यांवर चालणारे आपले कीर्तन त्याआधी कित्येक शतके चालू होते. आजही परंपरेचा कडक सांभाळ करणाऱ्या काही फडांवर पेटीला जागा नाही आणि त्यांच्या त्या नेमाचा आदरच केला पाहिजे. पण ज्या गावांत पेटी आली तिथे ती काय करते? गाणाऱ्याला सूर धरून देते आणि मागे राहते. जोवर ती मागे राहते तोवर ती सेवेकरी आहे. ती पुढे येऊन बोलू लागली आणि अभंगाचे शब्द ऐकू येईनासे झाले, तर दोष वाद्याच्या जन्मगावाचा नाही. वाजवणाऱ्याला आपली जागा कळली नाही, हा दोष आहे.

दुसरे उदाहरण जरा बोचणारे आहे. सिनेमातल्या गाजलेल्या गाण्याची चाल उचलायची आणि तिच्यात अभंग बसवायचा, ही रीत आता पुष्कळ ठिकाणी दिसते. मंडप भरतो, टाळ्या पडतात. पण ऐकणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय उभे राहते? शब्द तुकोबारायांचे असतात आणि डोळ्यांपुढे पडदा असतो. चाल आपली जुनी आठवण सोबत घेऊन येते आणि अभंगाला बाजूला सारून बसते. इथे एकही परदेशी वाद्य नसेल, टाळ आणि मृदंगच असतील, तरी ही भेसळ आहे. शब्दाला बाहेरून आणलेला अंगरखा घातला आणि तो त्याच्या अंगाला बसला नाही.

या दोन उदाहरणांतून आपल्या हाती कसोटी येते. शब्द ऐकू येतो का? चाल त्या शब्दाच्या पोटातून आली आहे का? गाणारा शब्दाच्या मागे उभा आहे की पुढे? आणि ऐकणाऱ्याला गाण्यात शिरायला जागा आहे का? या चार प्रश्नांवर 'इंडियन ओशन'ची गाणी घासून पाहू.

२००० साली त्यांचा 'कंदिसा' हा संग्रह आला. त्यात सात रचना आहेत आणि त्यातली एक 'मा रेवा'. रेवा म्हणजे नर्मदामाई. परिक्रमा केलेल्या वारकऱ्यांना हे नाव निराळे सांगायला नको. हे गीत नर्मदेच्या खोऱ्यात गायिले जाणारे पारंपरिक गीत आहे. राहुल राम हे विद्येने पर्यावरणशास्त्राचे माणूस. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते परत आले आणि नव्वदीच्या दशकाच्या आरंभी नर्मदा बचाव आंदोलनात काम करू लागले. हे गीत त्यांच्याबरोबर त्या खोऱ्यातून आले. सरदार सरोवराच्या पाण्याने आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावे बाधित झाली. परिक्रमेच्या वाटेवरचे शूलपाणेश्वराचे जुने मंदिर त्याच पाण्याखाली गेले. ज्या काळात हे सारे घडत होते त्या काळातले हे गाणे आहे.

आणि तरीही या गाण्यात रड नाही, घोषणा नाही. माईच्या वाहत्या पाण्याचे कौतुक आहे, लेकराने आईचे करावे तसे. चाल साधी, चार माणसांनी मिळून म्हणावी अशी. गिटार आणि ड्रम तिला ओझे होत नाहीत, ती पुढे जाते तशी तिच्या मागून चालतात. नदी अडवली जात असताना तिच्या वाहण्याचे गाणे म्हणणे यात जी वेदना आहे ती शब्दांत कुठे लिहिलेली नाही. ज्याला खोरे ठाऊक आहे त्याला ती आपोआप ऐकू येते. ज्याला ठाऊक नाही त्याच्या कानी निदान माईचे नाव पडते. चारही प्रश्नांवर हे गाणे उतरते. आपल्या भजनात गायला कोणी घेतले तर मी टाळ धरीन.

त्याच संग्रहाच्या शेवटी 'कंदिसा' हे गाणे आहे. ही केरळातल्या सीरियन ख्रिस्ती लोकांची प्रार्थना. येशू ख्रिस्त ज्या अरामाईक भाषेत बोलत, तिची सीरियाक ही एक शाखा आणि त्या भाषेत हे लोक शतकानुशतके उपासना करीत आले. देव पवित्र आहे, समर्थ आहे, त्याला मरण नाही, त्याने आमच्यावर दया करावी, असा त्या प्रार्थनेचा भाव. गाणाऱ्या चौघांची ही मातृभाषा नाही. ऐकणाऱ्यांतही शंभरात एखाद्याला तरी कळत असेल की नाही, शंकाच आहे. मग शब्द ऐकू येऊन उपयोग काय, असे कोणी विचारील.

पण आपण हे आधी अनुभवलेले आहे. काकड्याला आईच्या मांडीवर बसलेल्या लेकराला अभंगाचा अर्थ कुठे कळत असतो? त्याला आवाजातली नम्रता कळते. 'कंदिसा'त ती नम्रता आहे. सुरुवातीला आवाज अगदी शांत आहेत, एकमेकांना धरून आहेत, कोणी दुसऱ्यावर चढत नाही. मग ताल हळूहळू भरत जातो. हरिपाठात पावल्या खेळताना लय वाढत जाते आणि कधी वाढली ते पायांना कळत नाही, तसेच इथे होते. परक्या उपासनेचे शब्द घेताना माणसाने जसे वागावे तसे हे चौघे वागले आहेत. पाहुणे देवघरात गेले की जरा वाकूनच उभे राहतात. आपल्या भाषेलाही अशा पाहुण्याचा अनुभव आहे. गोव्यात फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ख्रिस्ताचे चरित्र मराठीत लिहिले ते ओवीतच. त्यांनी आपली ओवी अदबीने घेतली आणि मराठीने त्यांना परके मानले नाही.

आता कबीरांकडे येऊ, कारण त्यांच्यासाठीच तर मुलाने मला हे ऐकविले. कबीर आपल्याला परके नाहीत. महिपतिबुवांनी 'भक्तविजया'त त्यांचे चरित्र आपल्या संतांच्या मांडीला मांडी लावून सांगितले आहे. २००३ साली आलेल्या 'झीनी' या संग्रहाला नावच कबीरांच्या पदावरून मिळाले. देह ही एक तलम चादर आहे, विणणाऱ्याने ती मोठ्या निगुतीने विणली आहे, देव-मानव-मुनी सगळ्यांनी ती पांघरली आणि मळवली, कबीराने मात्र जपून पांघरली आणि जशी होती तशी परत ठेवली. असे ते पद आहे. विणकराचे बोल आहेत हे. ज्याने आयुष्यभर मागावर बसून सूत मोजले त्याच्या तोंडी हा हिशेब शोभतो.

असीम चक्रवर्तींचा आवाज या पदाला फार साजतो. त्यात गवयाची ऐट नाही. मध्यरात्री जागर संपत आला असताना एखादा जुना टाळकरी गातो, तसा तो दमलेला आणि खरा आवाज आहे. पण इथे मला एक उणे दिसते आणि ते सांगितले पाहिजे. गाण्याचा सारा लळा चादरीच्या तलमपणावर आहे. त्या एका शब्दाभोवती सूर फिरत राहतात, वाद्ये फिरत राहतात आणि ऐकणारा त्या मऊ स्पर्शात गुंगून जातो. पदाचा काटा मात्र शेवटी आहे, परत करण्याच्या ठिकाणी. तू तुझी चादर कशी ठेवलीस, हा प्रश्न कबीर आपल्याला विचारतात. गाणे संपते तेव्हा माझ्या कानात चादर राहते, प्रश्न राहत नाही. कीर्तनकार हे पद निरूपणाला घेतो तेव्हा श्रोत्याला त्या शेवटापर्यंत हात धरून नेतो आणि तिथे उभा करतो. गोडी लावणे हे काम अर्धे आहे. 'झीनी'त ते अर्धे काम फार सुंदर झाले आहे.

हेच उणे थोडे मागे सरून पाहिले तर त्यांच्या सगळ्या गाण्याविषयी काही सांगते. 'कंदिसा' संग्रहात त्या ख्रिस्ती प्रार्थनेच्या शेजारी 'हिल्ले ले' आहे. गोरख पांडे या कवीची ही रचना, दबलेल्यांनी जग हलवून सोडावे अशा जोराची. तिथेच नर्मदामाई आहे. 'झीनी' संग्रहात कबीरांच्या सोबतीला जपानी बौद्ध पंथाचा नाममंत्र आहे. सगळे त्यांच्याकडे येते आणि सगळ्यांना सारखी जागा मिळते. नाव त्यांनी हिंदी महासागराचे घेतले ते या अर्थाने बरोबरच आहे. सागर कोणत्याही नदीला परत पाठवीत नाही.

पण सागराचे पाणी पिता येत नाही. तहान लागलेला माणूस नदीवरच जातो, तिला घाट असतो, उतार असतो, पाय ठेवायला पायरी असते. घाट म्हणजे नेम. एकादशी, हरिपाठ, गळ्यातली माळ, आषाढी-कार्तिकी. त्या मंडळींनी असा नेम धरल्याचा दावा कधी केला नाही आणि तो त्यांच्याकडे मागणे हा आपला अधिकारही नाही. ते गाणारे आहेत, एका दैवताचे उपासक म्हणून ते मंचावर येत नाहीत. आपण मात्र हे ध्यानात ठेवले पाहिजे. त्यांच्या गाण्यात संत भेटतात, पण मुक्कामाला राहत नाहीत. पुढल्या गाण्याला निघून जातात.

असे असूनही त्यांच्या रीतीत काही गोष्टी अशा आहेत की त्या पाहून आपल्यातल्या काहींनी मनाला विचारावे. असीम मंचावर खाली बसून तबला वाजवीत आणि वाजवता वाजवता गात. हात आणि कंठ एकाच वेळी कामाला. अमित किलाम ड्रम वाजवतात आणि गबगुबीही वाजवतात. गबगुबी हे बंगालच्या बाऊल फकिरांचे वाद्य, आपल्याकडल्या चौंडक्याच्या जातीचे. दारोदार फिरणाऱ्या फकिराचे वाद्य त्यांनी गंमत म्हणून टांगून ठेवले नाही, गाण्यात त्याला काम दिले. त्यांचा 'डेझर्ट रेन' हा संग्रह बंद खोलीत मुद्रित झालेला नाही. १९९७ सालच्या १ जानेवारीला दिल्लीच्या मंडी हाऊसपाशी सफदर हाश्मी यांच्या स्मृतीला जमलेल्या लोकांपुढे ते वाजवीत होते, तेच मुद्रण पुढे संग्रह म्हणून आले. समोर माणसे बसली की वाजवणाऱ्याच्या हातात काय उतरते, हे कीर्तनात मृदंग वाजवणाऱ्याला विचारावे.

२५ डिसेंबर २००९ रोजी असीम चक्रवर्ती गेले. मेळ मोडला नाही, पण त्यांच्या एका जागेवर दोघांना बसवावे लागले. तबल्याला तुहीन चक्रवर्ती आणि गायनाला हिमांशु जोशी. एक माणूस दोघांचे काम किती सहज करीत होता, हे तो गेल्यावर कळले. दिंडीतला जुना विणेकरी गेला की आपल्यालाही असेच कळते. पुढल्या वर्षी त्यांचा नवा संग्रह आला त्याचे नाव '१६/३३० खजूर रोड'. करोल बागेतल्या ज्या जुन्या घरात ते वर्षानुवर्षे तालीम करीत त्या घराचा हा पत्ता. त्या संग्रहातली गाणी त्यांनी दर महिन्याला एक अशी लोकांना फुकट दिली. गाण्यावर ज्यांचे पोट आहे त्यांनी असे देणे ही लहान गोष्ट नाही. कीर्तनाचे मोल घेऊ नये, हे तुकोबारायांनी आपल्याला सांगून ठेवले आहे. आपल्यापैकी किती जण ते पाळतात, याचा हिशेब ज्याने त्याने विठोबापुढे द्यावा.

मग मुलांना काय सांगावे? मला वाटते, कानांतले बोंड हिसकावून घेण्याचे कारण नाही. सिनेमाच्या चालीवर बसवलेल्या भजनापेक्षा 'मा रेवा' ऐकलेले मला चालेल, कारण तिच्यात शब्द आणि चाल एका घरची आहेत. पण ऐकून झाल्यावर मुलाला जवळ बसवून विचारावे. कबीरांची चादर ऐकलीस ना, शेवटी त्यांनी ती कोणाला परत दिली? त्याला ठाऊक नसेल तर सांगावे. हा प्रश्न गाण्याने अर्धवट सोडला आहे, तो पुरा करणे आपल्या हाती आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ते काम केले नाही आणि नुसती मान हलवली, तर मुलाकडे सूर राहील आणि संत हातचे जातील. त्याचा दोष दिल्लीच्या चौघांवर टाकता येणार नाही.

आपल्या नामदेवरायांनी पंढरी मनात ठेवून पंजाब गाठला. तिथल्या लोकांच्या बोलीत गायिले आणि गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे आजही भक्तिभावाने वाचली-गायिली जातात. त्यांचे गाणे परक्या सुरांत मिसळले आणि तरी पातळ झाले नाही, कारण गाणाऱ्याचा एक पाय महाद्वाराच्या पायरीवर घट्ट होता. ज्याची पायरी पक्की आहे त्याने सागरावर जाऊन यायला भीती कसली! मुलांचे कान मोकळे राहू द्यावेत आणि त्यांना पायरी दाखवावी, एवढे केले तरी पुष्कळ झाले.

लोणंदचा तो मुलगा यंदाही वारीत मृदंगावर होता. सकाळच्या भजनात त्याने कबीरांचे तेच चादरीचे पद म्हणायला घेतले, आपल्या चालीत, शेवटच्या चरणापर्यंत.

राम कृष्ण हरी!